नसते उद्योग : लिनस टॉरवल्ड्सचं आत्मचरित्र वाचताना

या वेळी कशावर बोलणार, असं व्याख्यानमालेच्या आयोजकांनी विचारलं, तेव्हा आम्ही म्हटलं, एका खुडबुड्या मुलाच्या पुस्तकावर. पलीकडे जरा वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, "म्हणजे बालसाहित्य का?" तसं नाही. पुस्तक आहे 'जस्ट फॉर फन'. २००१ साली निघालेलं. लिनस टॉरवल्ड्स आणि डेव्हिड डायमंड अशी दोन नावं त्याच्यावर आहेत. लिनस म्हणजे ज्यानं लिनक्स लिहायला घेतलं तो. तुमच्या खिशातला फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्याच्या तळाशी या माणसानं सुरू केलेलं काम चालू आहे, एवढी ओळख आत्तापुरती पुरे.

आधी 'आम्ही' कोण ते सांगतो. दर महिन्याला कुणाच्या तरी घरी जमून एक पुस्तक वाचणारे सहा जण. दोघं संगणकाच्या नोकरीत, एकाचं संगणकदुरुस्तीचं दुकान, एक शाळेत शिकवते, एक बँकेतून निवृत्त. सहावी आली ती वेगळ्याच कारणानं. तिचा सतरा वर्षांचा मुलगा रात्री तीन-तीन वाजेपर्यंत जुन्या लॅपटॉपशी काहीतरी करत बसतो. काय करतोस म्हणून विचारलं तर म्हणतो, काही नाही. या बाईंनी पहिल्याच बैठकीत सरळ विचारलं, "हे पुस्तक वाचून मला कळेल का, तो काय करतोय ते?" आम्ही आजवर पुस्तकांना शैली, रचना, प्रामाणिकपणा असल्या कसोट्या लावत आलो. ही कसोटी नवी होती. आज जे बोलणार आहोत ते त्याच कसोटीवर घासून बोलणार आहोत.

पहिली अडचण शब्दाची. घरात पोरानं रेडिओ उघडून ठेवला, घड्याळ खोललं, की आपण काय म्हणतो? नसते उद्योग. उचापती. खटपटी. बसल्या जागी काहीतरी उकरून काढणं. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण तर आमच्यातल्या प्रत्येकानं लहानपणी निदान एकदा ऐकलेली आहे. म्हणजे या कामासाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही, फक्त ते बहुतेक सगळे शब्द रागावण्याचे आहेत. 'छंद' आहे, पण तो फार सभ्य. टपाल तिकिटं, नाणी, गच्चीवरची बाग, संध्याकाळी सहा ते सात. छंद वेळेवर जेवायला येतो. आणि मग आहे 'नाद'. पत्त्यांचा नाद, शर्यतीचा नाद, अमक्याच्या नादी लागला आणि घर बुडवलं. पुस्तकाचं नाव सांगतं की हे सगळं गंमत म्हणून केलं. वाचून झाल्यावर आमचं मत असं झालं की हे पुस्तक गमतीचं नाहीच, नादाचं आहे. लेखकाला स्वतःला ते पूर्ण दिसलेलं नाही, आणि पुस्तकाचं बरंवाईट सगळं या एका गोष्टीतून निघतं.

पुस्तक तीन भागांत आहे. पहिल्यात बालपण, दुसऱ्यात लिनक्सचा जन्म, तिसऱ्यात कीर्ती आणि अमेरिका. पुढे-मागे आयुष्याच्या अर्थाविषयी दोन तुकडे जोडलेत. मधेमधे डायमंड स्वतःच्या आवाजात बोलतो, आणि लिनसची आई, बहीण, बायको यांनाही थोडी थोडी जागा मिळते. त्या जागेबद्दल पुढे बोलू.

लिनसचा जन्म २८ डिसेंबर १९६९ चा, हेलसिंकीतला. फिनलंडमधल्या स्वीडिश बोलणाऱ्या अल्पसंख्याकांतलं कुटुंब. वडील पत्रकार, आई पत्रकार, वडिलांचे वडील ओले टॉरवल्ड्स पत्रकार आणि वर कवीसुद्धा. अशा लिहित्या घरात हा मुलगा वेगळा पडला तो आईच्या वडिलांमुळे. लिओ टॉर्नक्विस्ट, हेलसिंकी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. अर्थशास्त्रात निर्देशांक काढायची एक पद्धत आजही त्यांच्या नावानं ओळखली जाते. त्यांनी कमोडोर व्हिक-२० घेतला आणि नातवाला मांडीवर बसवलं. आजोबा कागदावर बेसिक भाषेत प्रोग्रॅम लिहीत आणि नातू तो टाइप करी. आजोबांना स्वतः टाइप करण्याची सवय नव्हती, असं त्यामागचं साधं कारण. हा प्रसंग पुस्तकात फार तर दोन-अडीच पानं आहे. आमच्या बँकवाल्या सदस्यानं तो वाचल्यावर पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "आजोबांना दुसऱ्याचे हात हवे होते आणि पोराला दुसऱ्याचं डोकं." यापेक्षा चांगली टीका आमच्याकडून झाली नाही.

त्या व्हिक-२० मध्ये पाच किलोबाइट स्मृती, आणि त्यातली बेसिकच्या वाट्याला येणारी साडेतीनच्या आसपास. आज व्हॉट्सअॅपवर येणारं 'सुप्रभात'चं चित्र त्यात मावणार नाही. पण ही चणचण महत्त्वाची आहे. इतक्या कमी जागेत बेसिक पुरत नाही, म्हणून मुलगा यंत्राच्या भाषेत उतरतो. पुढे त्यानं सिंक्लेअर क्यूएल घेतला. १२८ किलोबाइट, आणि साठवणीसाठी मायक्रोड्राइव्ह नावाच्या फितीच्या लहानशा डब्या. हे यंत्र फिनलंडमध्ये फारसं कुणी घेतलं नव्हतं, त्यामुळे दुकानात त्याच्यासाठी काही मिळत नसे. मिळत नाही म्हणून त्यानं स्वतःचा असेंब्लर लिहिला, स्वतःचा एडिटर लिहिला. फ्लॉपीचा कंट्रोलर आणला, त्याच्याबरोबर आलेला ड्रायव्हर पसंत पडला नाही, म्हणून तोही लिहिला. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये खोडी सापडल्या, पण ती रॉममध्ये पक्की बसवलेली, हात लावता येईना. हा हात न लावता येण्याचा चरफडाट लक्षात ठेवा.

आमच्या दुकानदार मित्राला हे सगळं अगदी ओळखीचं वाटलं. नव्वदच्या दशकात तपकीर गल्लीतून जुने सुटे भाग गोळा करून यंत्र जोडणाऱ्या पिढीतला तो. एका मासिकाबरोबर लिनक्सची सीडी फुकट आली, ती यानं रात्री काकांच्या संगणकात घातली, आणि सकाळी काकांच्या वर्षभराच्या हिशेबासकट डिस्क कोरी. काका आजही लग्नकार्यात भेटले की तो विषय काढतात. लिनसवर अशीच वेळ आली होती, पण ती त्याच्या स्वतःच्या डिस्कवर. ते आता येतंच आहे.

पुस्तकाचा गाभा म्हणजे १९९१ सालचे दिवस. ५ जानेवारी १९९१ ला त्यानं ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला, हप्त्यांवर. त्याला हवी होती युनिक्ससारखी व्यवस्था. विद्यापीठात ती त्यानं पाहिली होती, अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या पुस्तकातून ती डोक्यात भिनली होती, आणि त्याच टॅनेनबॉमनी शिकवण्यासाठी लिहिलेलं मिनिक्स त्यानं मागवलं होतं. त्या फ्लॉप्या यायला वेळ लागला. तोवर हा भावी क्रांतिकारक काय करत होता? 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळत होता. हे त्यानं लपवलेलं नाही, आणि आम्हाला पुस्तक आवडायला लागलं ते इथपासून.

फ्लॉप्या आल्या, मिनिक्स बसवलं, आणि त्याच्या लक्षात आलं की घरून विद्यापीठाच्या संगणकाला जोडून घेण्याचा त्यातला भाग काही बरा नाही. मग तोच भाग आपण लिहावा, आणि तोही मिनिक्सच्या आधाराशिवाय, थेट उघड्या यंत्रावर. त्यासाठी आधी एक प्रयोग. दोन कामं. एक पडद्यावर सारखं 'ए' लिहितं, दुसरं 'बी'. घड्याळाचा ठोका पडला की प्रोसेसर पहिल्याचं काम आहे तिथे थांबवून, त्याचा सगळा पसारा जपून बाजूला ठेवतो आणि दुसऱ्याचं हातात घेतो. पुढचा ठोका, परत पहिलं. पडद्यावर दिसतं काय? आधी ए ए ए ए, मग बी बी बी बी. बस, एवढंच. त्यानं बहिणीला, साराला, बोलावून दाखवलं. तिनं चार-पाच सेकंद बघितलं, 'छान' म्हणाली आणि निघून गेली.

मंडळी, सगळ्या पुस्तकात आम्हाला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. एकाला जे विश्व दिसतंय ते शेजारी उभ्या असलेल्या सख्ख्या बहिणीला दिसू शकत नाही, आणि यात चूक कुणाचीच नाही. पडद्यावर खरंच अक्षरांच्या दोन रांगाच आहेत. लेखक इथे काही समजावत बसत नाही, सारावर रागावत नाही, फक्त सांगून पुढे जातो. संगणकावरची लोकप्रिय पुस्तकं अशा जागी हमखास ढोल वाजवतात.

पुढची साखळी बघा. ए आणि बी छापणारी ती दोन कामं त्यानं बदलली. एक काम कळफलकावरून घेऊन मोडेमकडे देणारं, दुसरं मोडेमकडून घेऊन पडद्यावर टाकणारं. झाला टर्मिनल तयार. आता विद्यापीठातून फाइली उतरवून घ्याव्याशा वाटल्या. फाइल ठेवायला डिस्क हवी, म्हणून डिस्कचा ड्रायव्हर. डिस्कवर आधीच मिनिक्सच्या पद्धतीची मांडणी होती, म्हणून ती मांडणी वाचू-लिहू शकणारी फाइल व्यवस्था. हे होईपर्यंत त्याच्या ध्यानात आलं की टर्मिनल केव्हाच मागे पडलाय आणि हातात जे उरलंय ती ऑपरेटिंग सिस्टिम होऊ घातलीय. घरात एक खिळा ठोकायला घ्यावा आणि संध्याकाळपर्यंत अख्खी भिंत नवी बांधून व्हावी, तसलं हे. २५ ऑगस्ट १९९१ ला त्यानं मिनिक्सवाल्यांच्या चर्चागटात कळवलं की असं काहीतरी करतोय, छंद म्हणून, काही मोठं व्हायचं नाही. सप्टेंबरात ०.०१ ही आवृत्ती बाहेर पडली, दहा हजार ओळींच्या आसपास. त्याच्या मनात नाव होतं 'फ्रीक्स'. सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेमकेला ते पटलं नाही, त्यानं फोल्डरला 'लिनक्स' असं नाव देऊन टाकलं. नामकरण असं परस्पर झालं.

आणि तो अपघात. मोडेमला फोन लावण्याचा हुकूम त्यानं चुकून मोडेमऐवजी हार्ड डिस्ककडे पाठवला. संगणकानं निमूटपणे डिस्कच्या सुरुवातीवर फोन लावण्याच्या सूचना लिहून टाकल्या, आणि मिनिक्स गेलं. परत मिनिक्स बसवायचं की आपलंच पुढे न्यायचं, असा प्रश्न पडला आणि त्यानं आपलं निवडलं. काकांच्या हिशेबाची गोष्ट आठवून आमचा दुकानदार मित्र इथे मोठ्यांदा हसला. पण त्याच्या बोलण्यात थोडी कडवट जागाही होती. "त्याच्या डिस्कवर फक्त त्याचं होतं," तो म्हणाला. "आमच्या घरात यंत्र एकच, आणि ते सगळ्यांचं."

आता आमचा पहिला आक्षेप. या सगळ्याला 'फन' म्हणायचं का? त्या महिन्यांतला दिनक्रम पुस्तकात आहे. जाड पडदे लावलेली खोली, अंगात बाथरोब, झोप, काम, थोडं तोंडात टाकायला, परत काम. ओळी लिहायच्या, चालवायच्या, यंत्र अडकणार, बंद करून सुरू करायचं, पुन्हा तेच. आपण शेजारून पाहिलं तर याला कष्टच म्हणू. लेखक मात्र या कंटाळवाण्या तासांवरून झरकन जातो. नादी माणसाला तो कंटाळा आठवतच नाही, ही नादाची खूण. गवयाला विचारा, रियाजाचे तास मोजून सांगता येतील का. पण आत्मचरित्र लिहिताना ते तास सांगितले नाहीत तर वाचणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाचा असा समज होतो की मजा वाटत नाही म्हणजे हे आपलं काम नव्हे. शाळेत शिकवणाऱ्या आमच्या मैत्रिणीनं हा मुद्दा फार जोरात मांडला. तिच्या वर्गात रोबोट बनवायला उत्साहानं आलेली मुलं तिसऱ्या आठवड्यात गळतात, कारण तिसऱ्या आठवड्यात मजा संपलेली असते आणि सैल वायर शोधायची असते.

दुसरा आक्षेप घराविषयी. लिनसची आई पुस्तकात म्हणते की याला वाढवणं सोपं होतं, संगणकासह एखाद्या कोपऱ्यात बसवा आणि अधूनमधून कोरडा पास्ता द्या. विनोद छान आहे. पण आई-वडील वेगळे झालेले, ती बातम्यांची नोकरी करून दोन मुलं वाढवणारी बाई. त्या विनोदामागे किती काय झाकलं गेलंय, ते पुस्तक विचारत नाही. मोडेम घरच्या फोनच्या तारेवर चालतो. तो चालू आहे तोवर बाकीच्यांना फोन बंद. सारा त्याच घरात वाढली. ती अक्षरांच्या रांगांकडे बघून निघून गेली, ती कुठे गेली, हे कळून घ्यायची उत्सुकता आम्हाला वाटली. पुस्तकाला ती फार नाही. आई, बहीण, बायको या तिघींचे तुकडे येतात ते लिनस कसा आहे हे सांगण्यापुरते.

मराठी वाचकाला इथे 'स्मृतिचित्रे' आठवल्याशिवाय राहत नाही. लहरी, नादी, आपल्याच तंद्रीत राहणाऱ्या माणसाबरोबरचा संसार लक्ष्मीबाई टिळकांनी लिहिला. टिळक अचानक घर सोडून जातात, मागे चूल कशी पेटायची ते बाईंनी बघायचं. त्यांनी नवऱ्याला लहान केलं नाही आणि स्वतःला हुतात्माही केलं नाही. असा विनोद तिथे आहे की हसता हसता कापल्यासारखं होतं. आमच्या मते प्रत्येक 'जस्ट फॉर फन'च्या शेजारी एक 'स्मृतिचित्रे' असायला हवं. ज्यानं दार लावून घेतलं त्याचं एक, आणि जी दाराबाहेर होती तिचं एक.

याला तुलनेला एक इंग्रजी पुस्तकही आम्ही वाचलं. ट्रेसी किडरचं 'द सोल ऑफ अ न्यू मशीन', १९८१ चं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. डेटा जनरल या कंपनीत एक नवा संगणक बनवणाऱ्या तरुण इंजिनिअरांची गोष्ट. किडर बाहेरचा माणूस, वही घेऊन कोपऱ्यात बसलेला, त्यामुळे त्याला रात्रपाळी दिसते, थकवा दिसतो, घरी वाट बघणारी माणसं दिसतात. त्यातला एक इंजिनिअर एके दिवशी चिठ्ठी ठेवून निघून जातो : मी व्हरमाँटला एका वस्तीवर राहायला चाललोय, यापुढे ऋतूपेक्षा लहान कालमापनाशी माझा संबंध नाही. सेकंदाच्या अब्जांश भागाशी दिवसरात्र झटणारा माणूस हे लिहितो. लिनसच्या पुस्तकात असा दमलेला माणूस एकही नाही. आतून लिहिल्याचा फायदा म्हणजे ए-बीचा प्रसंग मिळतो, आणि तोटा हा.

'अपघाती क्रांतिकारक' हे उपशीर्षकसुद्धा आम्हाला थोडं खटकलं. अपघात खरा, पण रस्ता आधी कुणीतरी बांधलेला होता. फिनलंडच्या विद्यापीठात तेव्हा शिकण्याची फी नव्हती. १९८८ मध्ये दाखल झालेला हा विद्यार्थी, मधे सैन्यातली सक्तीची अकरा महिन्यांची सेवा करून, पदव्युत्तर प्रबंध देतो १९९७ मध्ये, तोही लिनक्सवरच. नऊ वर्षं! आपल्याकडे एखादं वर्ष गेलं की नातेवाईक आईला बाजूला घेऊन विचारतात, सगळं ठीक आहे ना. फी माफ, राहायला आईचं घर, विद्यापीठाची इंटरनेट जोडणी, आणि आजोबा प्राध्यापक. संगणकाचे हप्ते राहिले होते, तर त्यातही जगभरच्या वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून मदत केली. लिनस हे सगळं सांगतो. लपवत नाही. पण सांगतो ते ओघात, कारण म्हणून नव्हे. आपली वाचकांची सवयही इथे आड येते. 'एक होता कार्व्हर' वाचून मोठे झालेले आपण. चरित्रात हालअपेष्टा नसतील तर आपल्याला मोठेपणाची खात्री पटत नाही. आमच्यातल्या दोघांनी तक्रारच केली की या पुस्तकात संघर्ष नाही. बाकीचे म्हणाले, तेच तर शिकण्यासारखं. पोट भरलेलं असताना, कुणी 'याचा उपयोग काय' असं विचारत नसताना माणूस काय करतो, याचं हे दुर्मीळ चित्र आहे. या मुद्द्यावर आमचं एकमत झालेलं नाही, आजही नाही.

तिसऱ्या भागाबद्दल थोडक्यात. १९९७ मध्ये तो कॅलिफोर्नियाला ट्रान्समेटा कंपनीत गेला. शेअर, घर, गाडी, परिषदा, टाळ्या. अधेमधे गमतीदार, पण नाद संपतो आणि मुलाखती सुरू होतात. आयुष्याच्या अर्थाचा त्याचा सिद्धान्त असा : माणसाच्या प्रेरणा तीन, जगणं, समाजातलं स्थान आणि करमणूक; आणि सगळं या क्रमानं पुढे सरकतं. गाडीतल्या गप्पा म्हणून ठीक आहे, सिद्धान्त म्हणून नाही. याउलट बायकोची, टोव्हेची, भेट कशी झाली ते बघा. हा विद्यापीठात शिकवत होता, विद्यार्थ्यांना गृहपाठ दिला की मला ईमेल पाठवा. बाकीच्यांनी साधे निरोप पाठवले, तिनं विचारलं, माझ्याबरोबर बाहेर येशील का. सहा वेळा कराटेची राष्ट्रीय विजेती असलेली मुलगी. याच्यापुढे तिसऱ्या भागातले सगळे विचार फिके.

पुस्तकात ज्याची चाहूल फार पुसट आहे, त्याविषयी बोलायलाच हवं. लिनक्सच्या कामातल्या ईमेलमधलं त्याचं बोलणं पुढे फार गाजलं. चुकीचा कोड पाठवणाऱ्याला चारचौघांत सोलून काढणं. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यानं स्वतःच जाहीरपणे लिहिलं की माझे हे हल्ले अयोग्य होते, त्यामुळे लोक दुखावले, काही जण कदाचित हे कामच सोडून गेले. मी माफी मागतो, थोडे दिवस बाजूला होतो आणि माणसांच्या भावना समजून घ्यायला मदत घेतो. पुढच्या महिन्यात तो परतला. ही माफी वाचून 'जस्ट फॉर फन' परत उघडलं की नावातला 'फन' जरा वेगळा ऐकू येतो. एकट्याच्या खोलीतली गंमत ही एक गोष्ट. हजारो माणसं त्या खोलीत आल्यावर, गंमत कुणाची चालली आहे हा प्रश्न येतोच. त्याला हे कळायला पुस्तकानंतर सतरा वर्षं लागली. पण त्यानं ते लिहिलं, आणि पुस्तकातल्या तिसऱ्या भागाऐवजी ते पत्र छापावं इतकं ते आम्हाला मोलाचं वाटलं.

नाद मात्र सुटलेला नाही. एप्रिल २००५ मध्ये, वापरात असलेलं साधन फुकट मिळेनासं झालं म्हणून यानं काही दिवसांत गिट लिहिलं. आज जगातले बहुतेक प्रोग्रॅमर त्यावर काम करतात. पाण्याखाली बुड्या मारायचा छंद लागला, तर बुड्यांची नोंद ठेवणारी साधनं पसंत पडेनात, म्हणून २०११ मध्ये 'सबसरफेस' लिहिलं. अलीकडे गिटारच्या आवाजाची पेडलं डाग देऊन जोडत बसतो. २०१६ च्या टेड मुलाखतीत त्याची खोली दाखवली होती. फिकट हिरव्या भिंती, आवाज न करणारा संगणक, उभ्यानं चालत काम करायचं टेबल. तिथे तो म्हणाला होता की मी द्रष्टा वगैरे नाही, लोक ताऱ्यांकडे बघत चालतात, मी पायापुढचा खड्डा बुजवायला बघतो. [हशा] हो, आपल्याकडे त्याला कामाची कमतरता पडली नसती.

शेवटी एक प्रश्न आला आहे, मागच्या रांगेतून : त्या बाईंना कळलं का, मुलगा काय करतो ते?

त्या आज इथे आहेत, पण आम्हीच सांगावं म्हणतात. त्यांनी पुस्तक मुलाला दिलं. त्यानं पहिले दोन भाग दोन रात्रींत वाचले, तिसरा चाळून ठेवून दिला. आमच्या मताशी हे जुळलं याचा आम्हाला उगाच आनंद झाला. तिसऱ्या दिवशी रात्री त्यानं आईला हाक मारली. अकरा वाजून गेले होते, त्या दूध विरजायला लावत होत्या, हात पुसत गेल्या. पडद्यावर 'अ अ अ अ' आणि मग 'ब ब ब ब'. देवनागरी अक्षरं नीट उमटायलाच त्याला दोन दिवस लागले होते म्हणे. साराचा प्रसंग त्यांनी वाचलेला होता, त्यामुळे लगेच 'छान' म्हणायचं नाही एवढं ठरवून त्या पाच मिनिटं उभ्या राहिल्या. मग विचारलं, "आता पुढे काय होणार?" तो म्हणाला, "काही नाही. एवढंच."

त्यांनी स्टूल ओढून घेतलं.